वाळूजमध्ये मशीन टाकायची असेल तर

तुमचा प्रश्न असा, की चाकणची नोकरी सोडून छत्रपती संभाजीनगरला परत यावं का, वडिलांनी शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत घेतलेल्या शेडमध्ये कर्ज काढून दोन व्हीएमसी (धातूचे भाग कापून घडवणारी संगणकी मशीन) टाकाव्यात का, आणि गुंतवणुकीच्या एवढ्या बातम्या येतात त्यात खरं किती. मी वाळूजमध्ये 27 वर्षं दुचाकीचे सुटे भाग बनवतोय. माझ्या मते जरूर या. फक्त कोणता पार्ट बनवणार ते आधी ठरवा, मशीनचं नंतर बघा.

आधी बातम्यांचं बघू. 2024 च्या जुलैअखेर टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे 20,000 कोटींचा सामंजस्य करार केला, जागा शहराजवळच्या बिडकीनची. त्याच वर्षी विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरने ऑरिकमध्ये, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक शहरात, वर्षाला 10 लाख गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना जाहीर केला. विजेवरच्या गाड्यांच्या जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटी प्रकल्पाचा आकडा 27,200 कोटींचा. या घोषणा पोकळ आहेत असं मी म्हणणार नाही. बिडकीनचे 7,855 एकर, रस्ते, वीज, पाणी, सगळं आखून तयार केलंय. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला, त्यामुळे माल बंदराकडे न्यायचा हिशोबच बदललाय. पण सही झाल्यापासून पहिली गाडी लाइनवरून उतरेपर्यंत वर्षं जातात. तुमच्या कर्जाचा हप्ता मात्र मशीन आल्यावर लगेच सुरू होतो. एवढ्या एका फरकापायी आमच्या गल्लीतल्या दोघांना मशिनी विकाव्या लागल्या. ते कामाला कमी नव्हते. मोठी ऑर्डर येणार म्हणून त्यांनी आधीच क्षमता वाढवून ठेवली होती.

बिडकीनची जागा बघायला गेलात तर पैठण रोडने वाटेत चितेगाव लागेल. तिथे गाडी थांबवा. व्हिडिओकॉनच्या जिवावर ती सगळी पट्टी उभी राहिली होती. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेले छोटे पुरवठादार, खानावळी, भाड्याच्या खोल्या, सगळेच अडकले. एकाच कंपनीवर पोट ठेवलं की काय होतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

वाळूजची गोष्ट वेगळी झाली, पण तीही एका कंपनीपासूनच सुरू झाली. बजाजचा कारखाना 1985 मध्ये आला. एन्ड्युरन्स, व्हेरॉक यांसारख्या कंपन्या त्याच्या सावलीत वाढल्या. ब्रेक, सस्पेन्शन, कास्टिंग बनवत त्या इतर ग्राहकांकडे गेल्या आणि आज परदेशातही कारखाने चालवतात. 2010 मध्ये शहरातल्या लोकांनी एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, त्याचं कौतुक अजून चालतं. मला कौतुक आहे ते दोन मशिनींवर सुरू करून दुसरा, तिसरा ग्राहक शोधणाऱ्यांचं.

आता तुमच्या कामाचा खरा मुद्दा. एथरच्या गाडीत क्रँकशाफ्ट नाही, पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. आमच्या भागातल्या कितीतरी शेडमध्ये आज हेच चालतं. माझ्याकडे क्लचचं काम निम्म्याच्या वर होतं. 2020 च्या एप्रिलमध्ये शेड्यूल, म्हणजे कंपन्यांकडून येणारी मागणी, शून्यावर आलं, घरी बसून वह्या काढल्या, तेव्हा हे नीट दिसलं. तेव्हापासून हळूहळू ब्रेकच्या कॅलिपरचं मशिनिंग घेतलं, मग मोटर हाउसिंग. अॅल्युमिनियमची कामं आहेत, पोरोसिटीमुळे, म्हणजे ओतकामात राहणाऱ्या बारीक छिद्रांमुळे, रिजेक्शन जास्त. पहिले सहा महिने बिनचे बिन परत यायचे. रात्री अकराला टेम्पो गेटवर उभा, आणि आम्ही टेबलावर लाइट लावून एकेक नग बघतोय. आता त्याच कामावर माझी तिसरी शिफ्ट चालते. पेट्रोल लगेच बंद होणार नाही, पण तुमचं कर्ज सात वर्षांचं असणार. म्हणून सात वर्षांनीही गाडीत राहील असाच पार्ट निवडा. ब्रेक, चाकं, सस्पेन्शन, चासी, हाउसिंग.

वाढ खरी आहे का हे कळायला मी वाळूजलगतच्या रांजणगाव आणि बजाजनगरमधल्या खोल्यांची भाडी बघतो. शेड्यूल वाढलं की महिन्याभरात खोली मिळेनाशी होते. सध्या मिळत नाही. मशीन कामासाठी लावून देणारा सेटर मिळणं तर त्याहून अवघड, चांगल्या सेटरला दोन ठिकाणांहून बोलावणं असतं. तुम्ही चाकणला सेटिंग केलंय म्हणता, तुमचं खरं भांडवल ते आहे.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून त्रास होतो. पैठणला नाथसागरासारखा मोठा जलाशय पन्नासेक किलोमीटरवर, आणि शहराच्या कितीतरी भागांत वर्षानुवर्षं नळाला आठवड्यातून एकदा पाणी. 1975 आणि 1992 च्या जलवाहिन्यांवर शहर कसंबसं चाललं. 2020 मध्ये नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, तिचा खर्च पुढे 2,740 कोटींपर्यंत गेला. कारखान्याला एमआयडीसीचं पाणी वेगळं मिळतं, म्हणून करार करताना हे कुणाला टोचत नाही. टोचतं ते ऑपरेटरच्या बायकोला, रात्री दोनला ड्रम भरायला उठते तिला. माणसं पुण्याला जातात त्यात पगाराइतकंच हेही कारण असतं. कुटुंब आणणार असाल तर घर घेण्याआधी त्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं ते शेजाऱ्यांना विचारा, बिल्डरला नको.

दोन व्हीएमसी एकदम घेऊ नका. एक घ्या, सेकंडहँड चालेल, आणि नोकरी सोडण्याआधी निदान दोन ग्राहकांकडून सॅम्पल मंजूर करून घ्या. पैसे 45 दिवसांत देतो म्हणणारा 90 दिवस लावतो असं धरून खेळतं भांडवल काढा. मसिआत, म्हणजे इथल्या लघुउद्योजकांच्या संघटनेत, या, ओळखी तिथे होतात. ड्रॉइंग हातात असेल तर एखाद्या रविवारी माझ्या शेडवर घेऊन या, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, आपण बसून काढू.