अमेरिका की जर्मनी? आधी विषयसूची वाचावी

‘अमेरिकेत कर्ज फार होतं, जर्मनीत भाषेवाचून अडतं, मग मुलाने एम.एस. करायचं तरी कुठे?’ हा प्रश्न पालक मला जवळपास याच शब्दांत विचारतात. मुलुंडचा एक मेकॅनिकल अभियंता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आईवडिलांसह आला, तेव्हा त्याच्याकडे जागतिक क्रमवारीनुसार केलेली विद्यापीठांची यादी तयार होती. तिथे नेमके काय शिकवतात, हे मात्र त्याने पाहिले नव्हते.

मी त्याच्यापुढे एका अमेरिकी आणि एका जर्मन अभ्यासक्रमाची छापील विषयसूची ठेवली आणि जे विषय परीक्षेत नसते तरी तू वाचले असतेस, त्यांवर पेन्सिलीने खूण कर, असे सांगितले. यंत्रांची कंपने, नियंत्रण प्रणाली, मापनशास्त्र अशा खुणा जर्मन सूचीत भराभर पडल्या. अमेरिकी सूचीत त्या ऐच्छिक विषयांवरच पडल्या, आणि ते विषय दरवर्षी शिकवले जातीलच अशी हमी तिथे नव्हती. मग आम्ही त्याच्या गुणपत्रिका उघडल्या. जर्मन विद्यापीठे पदवीचे विषय आणि श्रेयांक आपल्या अटींशी ताडून पाहतात, आणि उत्तम गुण असलेल्या मुलांचेही अर्ज पुष्कळदा इथेच फेटाळले जातात. नियंत्रण प्रणालीचे श्रेयांक अपुरे पडल्यामुळे त्याच्या यादीतली दोन विद्यापीठे गळाली.

अमेरिकेचा विचार आम्ही सोडला नाही. तिथे पदवीनंतर १२ महिने आणि अभियांत्रिकीसारख्या शाखांना आणखी २४ महिने काम करता येते. पण पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाला वार्षिक ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असल्याने, कर्जफेडीचा सारा हिशेब त्या पगारावर मांडणे मला धोक्याचे वाटते. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. मात्र अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी लहान गावांतल्या यंत्रनिर्मिती कारखान्यांत जर्मन भाषेशिवाय निभाव लागणे कठीण, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

वडिलांना घोर होता तो राहते घर तारण ठेवण्याचा. जर्मन व्हिसासाठी बंद खात्यात दाखवावे लागणारे ११,९०४ युरो ही फी आहे, असा त्यांचा समज होता. ती रक्कम मुलाच्याच नावावर राहते आणि तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे त्याच्याच खर्चाला मिळते, हे कळल्यावर त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, म्हणून तिथले अभ्यासक्रम आम्ही वेगळ्या रकान्यात लिहिले.

मुलाने चार जर्मन अभ्यासक्रम ठरवले, काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात भाषेच्या वर्गाला नाव घातले आणि भारतीय पदवीची खातरजमा करणाऱ्या, व्हिसासाठी सक्तीच्या असलेल्या एपीएस प्रमाणपत्राची कागदपत्रे जमवायला घेतली. कंपनांवर प्रयोगशाळेत भर देणारे एक अमेरिकी विद्यापीठही त्याने यादीत ठेवले; तिथे शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचे, असे घरात ठरले आहे.