सिंचनाच्या शेतीमुळे नदी खारट होतेय. निचऱ्याचं पाणी शुद्ध करून नदीत सोडलं तर प्रश्न सुटेल का?

सुटेल, पण तो सगळ्यात महागडा मार्ग आहे. मी निचऱ्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. माझा हिशोब असा:

लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षार असलेलं 6000 घनमीटर पाणी एका हेक्टरला दिलं, की तीन टन क्षार आपणच शेतात ओतला. पीक पाणी पितं, क्षार मागे ठेवतं. तो मुळांखाली धुऊन काढावाच लागतो, नाहीतर जमीन क्षारपड होते. इथवर क्षार वाढलेला नसतो, फक्त कमी पाण्यात दाटलेला असतो. खरी गोम त्याच्या खाली आहे. जमिनीखाली खारा खडक असेल तर झिरपणारं जादा पाणी तिथला क्षारही उचलून नदीत आणतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीकाठच्या ग्रँड व्हॅलीत मँकोस शेल नावाच्या अशाच खडकामुळे हेच होतं.

म्हणून आधी झिरपा रोखा. कालव्यांना अस्तर घाला किंवा पाणी पाइपातून न्या, लांब सऱ्या तोडा, ठिबक वापरा, वाफसा बघून पाळी द्या. धुण्यापुरतंच पाणी खाली गेलं तर जिप्सम आणि चुनखडीचा काही भाग मातीतच बसून राहतो. साधं मीठ मात्र बसत नाही.

ठिबक केल्यावर चरातल्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) वाढते आणि लोक घाबरतात. पाइपाच्या तोंडाशी पांढरी खपली धरलेली बघून मीही एकदा घाबरलो होतो. पण समजा ईसी 3 वरून 5 झाली आणि प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर आला, तर नदीत जाणारा क्षार निम्म्याच्या आसपास उतरला. ईसीबरोबर प्रवाहही मोजा, आणि वाचलेलं पाणी नदीतच राहू द्या. त्यावर नवी शेतं भिजवलीत तर क्षार पातळ करायला नदीत पाणीच उरत नाही.

शुद्धीकरणाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनामधला युमाचा प्रकल्प. 1961 पासून वेल्टन-मोहॉक भागातला खारा निचरा कोलोरॅडोत येऊ लागला आणि खाली मेक्सिकोची पिकं जळायला लागली. 1973 मध्ये दोन्ही देशांत करार झाला, पुढच्या वर्षी कायदा आला, प्रकल्प 1992 मध्ये उभा राहिला आणि तेव्हापासून बहुतेक काळ बंदच आहे. तोवर निचरा वेगळ्या कालव्याने मेक्सिकोत नेला, तिथे सांता क्लाराची मोठी पाणथळ तयार झाली. आता तिथल्या पक्ष्यांसाठी तेच पाणी हवं आहे!

भूजल आधीच खारं असेल तर ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी करतात तसं करा: विहिरींनी ते नदीला मिळण्याआधीच उपसून बाष्पीभवनाच्या तळ्यांत सोडतात. तळं खोदण्याआधी निचऱ्यातलं सेलेनियम (जास्त झालं तर विषारी ठरणारं मूलद्रव्य) मात्र तपासा. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसनच्या तळ्यांत 1983 मध्ये पक्ष्यांची विकृत पिल्लं सापडली, ती त्यामुळेच.