वाद लॅटिनचा नाही, धर्मस्वातंत्र्याचा आहे

तुमचा पुतण्या व्हिडिओ पाहून म्हणतो की १९६० नंतर कॅथलिक चर्च वाट चुकलं आणि आजची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) खरी नाही. त्याला काय सांगावं, असं तुम्ही विचारलंत.

मिस्सेचं लवकर आटपतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने (१९६२-६५), मिस्सेतून लॅटिन हद्दपार केलीच नव्हती. ती राखून स्थानिक भाषांना वाव दिला होता. नवा विधी पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये आणला. जुन्या मिस्सेतली शांतता गेल्याची हळहळ मी समजू शकतो, कीबोर्डचा दणदणाट मलाही सोसत नाही. पण नवी मिस्सा सरसकट अवैध आहे, असं या बदलांचे कडवे विरोधक, फ्रेंच आर्चबिशप लेफेव्रही म्हणत नव्हते. पुतण्या त्यांच्याही पुढे गेलाय.

खरा आक्षेप शिकवणीवर आहे. 'बुद्धीला खरा वाटेल तो धर्म स्वीकारायला प्रत्येक जण मोकळा आहे', हे मत पोप पायस नववे यांनी १८६४ च्या चुकांच्या यादीत घातलं होतं. १९६५ मध्ये परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. लेफेव्र विचारत, दोन्ही बरोबर कसं? प्रश्न रास्त आहे आणि 'काळ बदलला' म्हणून तो उडवून लावता येत नाही. मात्र परिषदेचा मजकूर वाचा. श्रद्धेच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती नको आणि योग्य मर्यादेत कुणाला आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्यापासून अडवू नये, एवढंच तो म्हणतो. सगळे धर्म सारखेच खरे, असं त्यात कुठेही नाही. उलट खऱ्या धर्माबाबत माणसाचं आणि समाजाचं जे कर्तव्य आहे, ती जुनी शिकवण कायम असल्याचं सुरुवातीलाच नोंदवलंय. व्हिडिओवाले नेमकं हेच गाळतात.

व्हिडिओवाले आधुनिक संस्कृतीवर जी टीका करतात, तिच्यात मला परिषदेशी भांडण दिसत नाही. 'मृत्यूची संस्कृती' हे गर्भपात, इच्छामरण यांना उद्देशून असलेले शब्द परिषदेनंतरचे पोप जॉन पॉल दुसरे यांनीच १९९५ मध्ये वापरले.

आता नागपूरचं. १९५४ मध्ये, आपलं शहर मध्य प्रदेशची राजधानी असताना, सरकारने मिशनऱ्यांच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला, धर्मांतरावर बंधनं सुचवणारा. अशा वेळी आपल्या हाती असतं ते धर्मस्वातंत्र्याचा हक्क देणारं घटनेचं कलम २५. आपण मूठभर आहोत तिथे हा हक्क मागायचा आणि जिथे कॅथलिक बहुसंख्य आहेत तिथे सरकारने इतरांना आवरावं म्हणायचं, हे पुतण्याला पटतं का? आधी एवढंच विचारा.