माळ्यावर खोली करायची आहे, पण पैसे आधी कौलांवर घाला

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांच्या नावावरचं जुनं कौलारू घर, खाली दोन खोल्या, वर माळा. जूनमध्ये मुलगा बारावीला आणि मुलगी दहावीला जाईल, आणि अभ्यासाला निवांत कोपरा नाही. माळ्याची खोली करून द्यायला ठेकेदाराने 1,90,000 रुपये सांगितले आहेत. त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावं, गुजरीतल्या सराफाकडे बांगड्या गहाण ठेवाव्यात की बँकेतली अडीच लाखांची ठेव मोडावी, असं त्या विचारतात.

ताई, खोली जरूर करा. दहावी-बारावीच्या वर्षात मुलांना दार लावून बसता येईल अशी जागा मिळणं ही चैन नव्हे. पण हे अंदाजपत्रक मला मान्य नाही आणि कर्ज तर अजिबात नको.

तुम्ही पाठवलेला कागद नीट वाचला. पीओपीचं छत 38,000, भिंतीत बसवलेलं कपाट आणि पलंग 62,000, एसी 40,000, जमिनीवर लॅमिनेट 24,000, वायरिंग 16,000, रंग 10,000. कौलांसाठी यात एक रुपयाही धरलेला नाही. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मागच्या पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागल्या, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्याच कौलांखाली पीओपी ठोकलं तर गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. वासे कुजतात, रिपांना वाळवी लागते आणि हे कळतं ते छतावर पिवळा डाग उमटल्यावर. तोवर 38,000 गेलेले असतात आणि शाकारणीसाठी, म्हणजे कौलांच्या दुरुस्तीसाठी, तेच छत पुन्हा फोडावं लागतं.

आता तुमचे आकडे. घरात दोघांचे मिळून 46,000 येतात. घरखर्च 30,000, म्युच्युअल फंडाची एसआयपी 5,000, भिशी 5,000. हातात उरतात 6,000. एक लाख नव्वद हजारांचं कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 6,500 रुपये पडतो आणि व्याजापोटी जवळपास 44,000 जातात. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून एसआयपी थांबवण्याची वेळ येणार, तीही मुलाच्या कॉलेजची फी वर्षभरावर आलेली असताना. सोनं तारण ठेवलं तर व्याज बहुधा कमी लागेल, पण हप्त्याची अडचण तीच राहते. बांगड्या घरातच राहू द्या.

ठेवीतले सगळे पैसे मात्र मोकळे समजू नका. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे 1,80,000 हे अडीनडीचे पैसे. यजमान शिरोलीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहेत, त्यामुळे या रकमेला मी हात लावू देणार नाही. उरतात 70,000, आणि तुमचं खरं बजेट तेवढंच आहे. ठेव मुदतीआधी मोडली की बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, ते सोसण्यासारखं आहे. बाजूला ठेवलेल्या 1,80,000 च्या साठ-साठ हजारांच्या तीन ठेवी करा, म्हणजे पुढे गरज पडली तर एकच मोडेल. तुमची ठेव सहकारी बँकेत आहे, तिथे पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं, म्हणून थोड्या जास्त व्याजासाठी हे पैसे तिकडे हलवू नका.

हे 70,000 एप्रिल-मेमध्ये वापरा. आधी शाकारणी: कौलं उतरवून रिपा तपासायच्या, सडलेल्या बदलायच्या, वाळवीचं औषध मारायचं. त्याच वेळी कौलांखाली उष्णता अडवणारी फॉइलची शीट घालून घ्या आणि दोन काचेची कौलं बसवा, दिवसा दिवा लावावा लागणार नाही. दोन मिस्त्रींकडून दर घ्या आणि हे सगळं 40,000 च्या आत बसवा. वायरिंगचे 16,000 मात्र कमी करू नका. लाकडी माळ्याला स्वतंत्र एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. उरलेले 14,000 जिन्याच्या कठड्यासाठी आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी. जुन्या लाकडात असं काम निघतंच.

एसी आत्ता नको. महिन्याला शंभर-दोनशे युनिट वाढले की महावितरणचा जास्त दराचा वरचा टप्पा लागतो आणि बिल झेपत नाही. फॉइल, पंखा आणि त्रिकोणी भिंतीत एक एक्झॉस्ट, एवढ्यावर एक उन्हाळा काढून बघा.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलेली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, दीर पुण्याला आहेत आणि वाटणी झालेली नाही. भिंतीत बसवलेलं 62,000 चं कपाट उद्या वाटणीत घराचाच भाग धरलं जाईल आणि त्याचे पैसे वेगळे मागणं फार अवघड जाईल. म्हणून सामान उचलून नेता येईल असंच घ्या: दोन टेबलं, खुर्च्या, एक लोखंडी कपाट. दरमहा उरणाऱ्या 6,000 मधून जूनपर्यंत ते जमेल. रंग, जमीन आणि पलंग दिवाळीत भिशीचे 60,000 हातात पडल्यावर. भिशी ओळखीतली असली तरी पैसे मिळाल्याशिवाय कुणाला आगाऊ रक्कम देऊ नका.

छप्पर मात्र सगळ्यांचं आहे. काम सुरू करण्याआधी मामंजींच्या समोर दिरांशी बोला. त्यांनी अर्धा खर्च उचलला तर उत्तमच. नाही उचलला, तर तुम्ही किती खर्च केला ते लिहून तिघांच्या सह्या घ्या आणि बिलं तुमच्या नावावर करून जपून ठेवा. मनात किंतू ठेवून खर्च करण्यापेक्षा आधी स्पष्ट बोललेलं नात्यालाही बरं. छताची उंची वाढवा असं ठेकेदार म्हणाला तर थांबा. त्याला महापालिकेची परवानगी लागते आणि घरफाळाही वाढू शकतो.

कौलं उतरवल्यावर सुतार म्हणाला की तुळईच खाल्ली आहे, तर खोलीचं काम तिथेच थांबवा. मग तो खर्च 70,000 मध्ये बसणार नाही आणि तो एकट्या तुमचा नाही. फोटो काढून त्याच दिवशी दिरांना पाठवा. टेबलं यंदा खालच्या खोलीत लावा आणि मला नवा आकडा कळवा.