‘भाकरी आणि सर्कस’ : रोमन खेळांसाठी मराठी शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोमन समाजजीवनावरचा मजकूर मराठीत आणताना तीन ठिकाणी अडलं आहे. एक, रोमन उपहासकवी जुवेनालच्या प्रसिद्ध शब्दजोडीचं ‘भाकरी आणि सर्कस’ हे भाषांतर बरोबर आहे का? दोन, ‘ग्लॅडिएटर सर्कशीत लढत’ असं लिहिलेलं आढळतं, तिथे आखाडा म्हणावं, रिंगण म्हणावं की अरीनाच ठेवावं? तीन, रोमन कवी होरेसच्या एका पत्रात ‘चार तास किंवा त्याहून जास्त वेळ पडदा खाली असतो’ अशी ओळ आहे आणि लगेच पुढे रंगमंचावर घोडेस्वार पळताना दिसतात. पडदा खाली असताना लोकांना हे दिसलं कसं?

पहिल्याचं उत्तर : नाही, ते भाषांतर दिशाभूल करतं.

मराठीत ‘सर्कस’ म्हटलं की तंबू, झुला, जोकर आणि पिंजऱ्यातला वाघ डोळ्यांपुढे येतो. हा अर्थ रोमचा नाही, अठराव्या शतकातल्या लंडनचा आहे. फिलिप ॲस्टलेनं १७६८ साली घोड्यावरच्या कसरतींचे खेळ गोल रिंगणात सुरू केले आणि १७८२ मध्ये चार्ल्स ह्यूजनं तशाच धंद्याला ‘सर्कस’ हे लॅटिन नाव चिकटवलं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली, तोवर हा नवा अर्थ पक्का झाला होता. आपण शब्द घेतला तो या अर्थासकट. त्याला स्त्रीलिंगी केलं, ‘सर्कशीत’ असं सामान्यरूपही दिलं. आता तो पूर्ण मराठी आहे, आणि म्हणूनच रोमसाठी निरुपयोगी आहे.

लॅटिनमध्ये ‘किर्कुस’ (अभिजात लॅटिनमध्ये ‘क’चाच उच्चार होता) म्हणजे वर्तुळ, कडं. त्यावरून रथांच्या शर्यतीचं मैदान. जुवेनालचा शब्द आहे ‘किर्केन्सेस’, म्हणजे किर्कुसमधले खेळ, म्हणजे प्रामुख्यानं रथांच्या शर्यती. ‘भाकरी आणि शर्यती’ हे सरळ भाषांतर आहे. ‘भाकरी आणि तमाशा’ असंही कुणी सुचवतं. उपरोध त्यात छान उतरतो, पण तमाशा हा आपल्याकडे एक नेमका कलाप्रकार असल्यामुळे वाचक भलतीकडे जातो. ‘भाकरी’ मात्र चालेल, जरी जुवेनालच्या काळात हातात पडत होता तो गहू. नावनोंदणी असलेल्या नागरिकाला महिन्याला ५ मोदिउस, सुमारे ३३ किलो.

किर्कुस माक्सिमुस हे रोममधलं मैदान सुमारे ६०० मीटर लांब होतं आणि नावात वर्तुळ असलं तरी आकार केसात खोचायच्या आकड्यासारखा : दोन लांब सरळ बाजू, मध्ये दुभाजक, दुभाजकाच्या दोन्ही टोकांना वळणाचे खांब. म्हणून विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीचा ‘शंकरपट’ हा शब्द इथे मोह पाडतो, पण लागू पडत नाही. पटावर जोड्या सरळ धावतात, किर्कुसमध्ये सगळा खेळ वळणाचा. सुरुवातीला १२ दारं. त्यांना ‘कार्केरेस’ म्हणत आणि तुरुंगालाही हाच शब्द होता. सगळ्यांना सारखं अंतर मिळावं म्हणून ही दारं सरळ रेषेत न ठेवता तिरक्या कमानीत बसवलेली असत. अध्यक्षस्थानी बसलेला अधिकारी पांढरा रुमाल खाली टाकी, दारं उघडत आणि रथ डावीकडे वळत सात फेऱ्या मारत. फेऱ्या मोजायला लाकडी अंडी आणि डॉल्फिन असत, दर फेरीला एक हलवायचं.

वळण डावीकडे म्हणून चौघांतला सर्वांत डावीकडचा घोडा महत्त्वाचा. मधले दोन जोखडाला, बाहेरचे दोन नुसत्या पट्ट्यांनी बांधलेले. डावा घोडा खांबाला जास्त चिकटला तर चाकाचा तुंबा खांबावर आपटे. लांब राहिला तर आतली जागा दुसरा घेई. सारथी लगाम कमरेभोवती गुंडाळत आणि अंगाचा भार टाकून घोडे वळवत. रथ मोडला तर घोडे त्याला फरफटत नेणार, म्हणून पट्ट्यात लगाम कापायची सुरी असे. अशा मोडतोडीला लॅटिनमध्ये शब्द आहे ‘नाउफ्रागिउम’, शब्दशः जहाज फुटणं. भाषांतरात ‘अपघात’ लिहून मोकळं होऊ नका, ‘रथ फुटला’ म्हणा, थोडी तरी चव राहील.

आता ग्लॅडिएटर. त्यांची हक्काची जागा ॲम्फिथिएटर. ग्रीक ‘अम्फी’ म्हणजे दोन्ही बाजूंनी आणि ‘थेआत्रोन’ म्हणजे पाहण्याची जागा. नाट्यगृह अर्धवर्तुळाकार, अशी दोन समोरासमोर जोडली की मध्ये लंबगोल तयार होतो. रोमन लेखक प्लिनीनं तर कुरिओ नावाच्या पुढाऱ्याची हकीकत दिली आहे, की त्यानं लाकडी नाट्यगृहांची जोडी खुंटांवर फिरती बांधली होती. सकाळी पाठीला पाठ लावून दोन नाटकं, दुपारी ती फिरवून समोरासमोर आणली की ग्लॅडिएटरांचा खेळ. शब्द रुळायच्या आधी अशा इमारतीला नेमकं नाव नव्हतं. पाँपेई या गावातली दगडी इमारत इ.स.पू. ७० च्या सुमाराची; तिच्या शिलालेखात तिला नुसतं ‘स्पेक्ताकुला’, म्हणजे पाहण्याच्या जागा, म्हटलं आहे.

‘ग्लॅडिएटर सर्कशीत लढत’ हे वाक्य अगदीच खोटं ठरवता येत नाही, ही अडचण आहे. रोममध्ये ग्लॅडिएटरांची पहिली नोंद इ.स.पू. २६४ ची, ब्रुतुस पेराच्या अंत्यविधीत, आणि ती झुंज गुरांच्या बाजारात झाली. पुढे कित्येक पिढ्या खेळ चौकात होत. जनावरांच्या शिकारीचे खेळ मात्र किर्कुसमध्ये होत. इ.स.पू. ५५ मध्ये पाँपी या सेनापतीनं तिथे हत्ती झुंजवले, तेव्हा हत्तींनी लोखंडी गजांवर धडका दिल्या आणि प्रेक्षकांची पळापळ झाली. सीझरनं नंतर मैदानाभोवती पाण्याचा चर खोदून घेतला. तेव्हा काळ आणि खेळ पाहूनच जागेचं नाव लिहावं. आणि एकूण प्रमाणही ध्यानात असू द्या. इ.स. ३५४ च्या पंचांगात वर्षभराच्या खेळांच्या दिवसांपैकी ग्लॅडिएटरांचे फक्त १०, शर्यतींचे साठांहून अधिक आणि नाटकांचे शंभरच्या आसपास. सिनेमानं हे गणित उलटं करून टाकलंय.

अरीनासाठी माझं मत ‘आखाडा’ला. लॅटिन ‘हरेना’ म्हणजे वाळू, बाकी काही नाही. रोमच्या कोलोसियम या ॲम्फिथिएटरमध्ये लाकडी फळ्यांवर वाळूचा थर असे, रक्त शोषायला आणि पाय घसरू नये म्हणून. पुढे त्या थराचंच नाव जागेला पडलं. आपल्याकडे ‘मातीतली कुस्ती’, ‘मातीतला पैलवान’ म्हणतात तेव्हा माती हाच खेळ होतो, तसंच. ‘रिंगण’ हा शब्द अर्थानं खरं तर किर्कुसच्या जवळचा आहे, कडं आणि त्यात धावणारा घोडा, वारीतल्या गोल रिंगणासारखं. पण निवडणुकीनं तो अरीनाच्या जागी नेऊन बसवला आहे, तेव्हा लंबगोल जागेचं नुसतं वर्णन असेल तिथे रिंगण खुशाल वापरा. झुंजीचा संदर्भ आला की आखाडा.

कुस्तीचा शब्दसंग्रह एकदा हाती घेतला की बाकीचे दरवाजे पटापट उघडतात. ‘लूदुस’ या एका लॅटिन शब्दाचे अर्थ खेळ, शाळा आणि ग्लॅडिएटरांचं प्रशिक्षणस्थान. इंग्रजीतून येणारे भाषांतरकार इथे अडखळतात. मराठीत ‘तालीम’ हा शब्द तयार आहे : मूळ अरबी अर्थ शिक्षण, आपल्याकडे पैलवानांची जागा, शिवाय नाटकाचीही तालीमच. कोलोसियमशेजारची ‘लूदुस माग्नुस’ ही मोठी तालीम. तिथला शिकवणारा ‘दोक्तोर’ म्हणजे वस्ताद. ग्लॅडिएटरांच्या प्रकारागणिक वस्ताद निराळा : जाळंवाल्यांचा वेगळा, थ्रेसियनांचा वेगळा. ‘लानिस्ता’ला मात्र वस्ताद म्हणू नका. तो माणसांचा मालक आणि ठेकेदार. त्याच्या ताब्यातल्या मंडळींना ‘फामिलिया’ म्हणत; इथे ‘कुटुंब’ लिहिणं हास्यास्पद, ‘फड’ लिहा. खुराक जवाचा, म्हणून ग्लॅडिएटरांना ‘जवखाऊ’ अशा अर्थाचं टोपणनाव होतं.

लानिस्ताचा धंदा कसा चाले ते कायदेपंडित गायुसनं एका उदाहरणात दाखवलं आहे. करार असा : धडधाकट परत आलेल्या प्रत्येकामागे २० देनारिउस, मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्यामागे १,०००. गायुसचा प्रश्न आहे की हे भाडं म्हणायचं की विक्री? उत्तर : परत आला तर भाडं, नाही आला तर विक्री. पैसे मोजणाऱ्या यजमानाला ‘एदितोर’ म्हणत, खेळ ‘देणारा’. तिथे ‘संपादक’ हा अर्थ डोक्यात आणू नये, ‘यजमान’ नेमका बसतो. खेळाला ‘मूनुस’ म्हणत, म्हणजे कर्तव्य किंवा देणं, मुळात मृताचं देणं.

निकालाचे शब्दही आपल्याकडे आहेत. हरलेल्यानं बोट वर करून ‘मिस्सिओ’ मागायची, म्हणजे सुटका. दोघेही उभे राहिले आणि पंचानं सोडवले तर शिलालेखात ‘स्तांतेस मिस्सी’ : उभेच सोडले. ‘झुंज बरोबरीत सोडवली’, हे कुस्तीच्या मैदानावर रोज ऐकू येणारं वाक्य जसंच्या तसं लागू पडतं. ‘सिने मिस्सिओने’, सुटकेची सोयच नाही, म्हणजे ‘निकाली’ झुंज, आणि सम्राट ऑगस्टसनं तिच्यावर बंदी घातली होती. प्रत्येक झुंज मरणाची नसे, हे या दोन शब्दांच्या फरकातच दिसतं. जाता जाता : जुवेनालनं अंगठा ‘वळवलेला’ एवढंच म्हटलंय. वर की खाली हे शब्दात नाही, तेव्हा भाषांतरातही घालू नका.

शेवटी होरेसचा पडदा. रोमन रंगमंचाचा पडदा, ‘आउलाएउम’, वरून टांगलेला नसे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला अरुंद खाच असे, नाटक सुरू होताना पडदा त्या खाचेत उतरे आणि संपलं की वर चढे. म्हणजे पडदा खाली असणं म्हणजे खेळ चालू असणं. होरेसची तक्रार अशी की नाटक बाजूलाच राहिलं आणि चार-चार तास नुसत्या पलटणी, रथ आणि लुटीची मिरवणूक चालते. मराठीत शब्दशः आणलं तर अर्थ बरोबर उलटा होतो, कारण आपला पडदा पडला की घरी जायचं. तिथे ‘चार-चार तास खेळ चालू राहतो’ असं लिहावं. रोमन वक्ता सिसेरोच्या एका भाषणात पडदा ‘उचलला जातो’, तो प्रहसन संपल्यावर. तिथे सरळ ‘पडदा पडतो’ लिहिलेलं बरं.

रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात मात्र ही पळवाट चालत नाही. नांगरलेल्या जमिनीतून सशस्त्र माणसं उगवतात ती कशी, तर नाट्यगृहातला पडदा वर चढताना त्यावर विणलेल्या आकृती दिसाव्यात तशी : आधी चेहरे, मग हळूहळू बाकीचं अंग, आणि शेवटी खालच्या काठावर पाय टेकलेले. इथे पडदा खालून वर चढतो हे वाक्यातच सांगावं लागेल, नाहीतर पाय आधी दिसतील.