नव्या बस घेण्याआधी आहेत त्यांचा खोळंबा मोजा

मध्यवर्ती भागात बस वेळेवर येत नाही, तर नव्या बस घ्याव्यात की रस्ता रुंद करावा, असा प्रश्न आहे. माझ्या मते आधी दोन्ही नको. घड्याळ घेऊन माणूस बसमध्ये बसवा आणि गाडी थांब्यावर, सिग्नलला आणि कोंडीत किती वेळ उभी राहिली ते वेगवेगळं लिहून घ्या.

हिशेब सरळ आहे. जाऊन-येऊन फेरी ६० मिनिटांची असेल आणि दर ६ मिनिटांनी बस हवी असेल तर १० बस लागतात. फेरी ४८ मिनिटांवर आली की तेवढ्याच सेवेला ८ पुरतात.

बराच वेळ बहुधा दाराशी जातो. एकाच दारातून, पैसे देत, माणशी ४ सेकंद धरले तरी ३० जणांना २ मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर गर्दी साठते, बस आणखी रेंगाळते, मागची रिकामी बस तिला गाठते. म्हणून तिकीट आधी काढलेलं असावं आणि चढणं सगळ्या दारांतून.

थांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर ठेवा. अलीकडे असला तर बससाठी लांबवलेला हिरवा सिग्नल प्रवासी चढेपर्यंत संपून जातो. मात्र एका वेळी दोन बस येत असतील तर दोघींपुरती जागा सोडा, नाहीतर मागचीचं शेपूट चौकात अडकतं.

रस्त्याच्या कडेला आत घेतलेले थांबे मला अजिबात पटत नाहीत. बस तिरकी शिरते, मागचं दार पदपथापासून लांब राहतं, आणि निघताना कोणी वाट देत नाही. त्याऐवजी पदपथच मार्गिकेपर्यंत पुढे आणा.

व्हीलचेअरसाठी उंची महत्त्वाची. बसचा तळ ३२० मिमी आणि पदपथ १५० मिमी असेल तर १ मीटरच्या रॅम्पला साधारण १:६ चढ येतो. एकट्याने चढणं अवघड. थांबा २५० मिमी केला तर चढ १:१४ इतका सौम्य होतो. पण बाहेर उघडणारी दारं उंच कडेला घासतात, तेव्हा काम काढण्याआधी मार्गावरची प्रत्येक प्रकारची बस, भरलेली, तिथे उभी करून दार उघडून बघा. उंचवट्यावरून पदपथाकडे उतरणारा उतारही १:१२ पेक्षा तीव्र नको, आणि तिथे पाणी साचायला नको.

बसमार्गिका अख्ख्या रस्त्यावर जमत नसेल तर सिग्नलआधीच्या टप्प्यातच सुरू करा. ती अनेकदा माल उतरवणाऱ्या गाड्यांमुळे अडते. त्यांना बाजूच्या गल्लीत जागा आणि ठरलेली वेळ द्या, तीही मार्गिका रंगवण्याआधी.