मुलगी समजूतदार आहे, पण पोट दुखतंय

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा. वर्षभर आमचं दोघांचं बिनसलंय, मारहाण वगैरे काही नाही, पण आवाज चढतात आणि मग दोन-दोन दिवस अबोला. मुलांसमोर नको म्हणून बेडरूमचं दार लावून घेतो. मुलगी फार समजूतदार आहे, आवाज वाढला की स्वतःच धाकट्याला दुसऱ्या खोलीत नेते, कार्टून लावून देते. प्रॉब्लेम मुलाचा आहे, तो तिलाच मारतो, बोचकारतो, शाळेतूनही तक्रारी येतायत. त्याला काउन्सेलरकडे न्यावं का? (मुलीचं मधूनमधून पोट दुखतं, पण डॉक्टर म्हणाले काही नाहीये.)

उत्तर : तुमचं अख्खं पत्र मुलाबद्दल आहे आणि माझं लक्ष मात्र त्या कंसातल्या वाक्यावरच अडकलंय. तपासण्या नॉर्मल आणि तरी पोट दुखतंय, म्हणजे ती नाटक करतेय असं नाही हं, मुलांचा ताण खरंच असा पोटात नाहीतर डोक्यात दुखतो. मुलगा निदान मारून, ओरडून मोकळा तरी होतो. ही ११ वर्षांची पोर तुमचा आवाज चढायची वाट बघत कान टवकारून बसलेली असते, कधी उठायचं आणि भावाला कधी न्यायचं ते तिला ठरवायचं असतं ना. आपण त्याला समजूतदार म्हणतो आणि कौतुक करतो. मला विचाराल तर ही ड्यूटी आहे आणि ती तिची नाहीये.

आता दाराचं. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात ६ ते १२ महिन्यांच्या बाळांना झोपेत, मेंदूच्या स्कॅनरमध्ये असताना रागीट आवाज ऐकवले होते, २०१३ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांच्या घरी आईबाबांचे वाद जास्त, त्यांच्या मेंदूतले ताणाशी संबंधित भाग त्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते. झोपलेली बाळं होती ती, मग तुमच्या दाराचं काय घेऊन बसलात! आणि बंद दाराचा खरा तोटा वेगळाच आहे, मुलांना भांडण ऐकू येतं पण मिटलेलं दिसत नाही. डेव्हिस आणि कमिंग्ज या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हेच मांडलं की मुलाच्या मनात मुळात प्रश्न असतो तो आपलं घर सुरक्षित आहे का, टिकणार का हा. वाद झाला, पण नंतर दोघं नीट बोलले, हे डोळ्यांनी दिसलं की मुलं बरीच सावरतात. फक्त खोटं खोटं हसू नका, त्यांना लगेच कळतं.

दुसरं म्हणजे मुलं दोष स्वतःवर घेतात, त्यात भांडणात त्यांच्या अभ्यासाचा नाहीतर शाळेचा विषय निघाला असेल तर बघायलाच नको. म्हणून दोघांनी मिळून मुलांना सांगा, आज नवऱ्याशी बोला आणि उद्याच सांगा, की हे आमचं आहे, तुमच्यामुळे नाही आणि ते सोडवायचं कामही तुमचं नाही. मुलीला वेगळं सांगा की भावाला आम्ही बघू. त्यानंतर खरंच बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती परत ड्यूटीवर हजर.

पण म्हणून त्या दोघांना एकमेकांपासून तोडू नका. भांडणाऱ्या घरातसुद्धा भावंडांची आपापसात माया असेल तर मुलांना त्रास कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलंय. नुसतं त्यांनी खेळावं, खिदळावं. 'बघ ताई कशी शहाणी' हे वाक्य मात्र बंद, त्यानेच तो जास्त बोचकारत असेल. आणि 'भावंडं भांडतातच' म्हणून सोडूनही देऊ नका. इंग्लंडमध्ये हजारो मुलांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात १२ व्या वर्षी ज्यांना भावंडं आठवड्यातून अनेकदा छळत होती त्यांच्यात १८ व्या वर्षी डिप्रेशनचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. तुमचा ६ वर्षांचा काही छळणारा नाही, पण मार खाऊन गप्प बसायची तिला सवय लागू नये. त्याचा हात तिथल्या तिथे धरा, 'राग आला तर सांग, मारायचं नाही' एवढंच म्हणा, लेक्चर नको.

काउन्सेलरकडे जा, जरूर जा, पण आधी तुम्ही दोघं. नंतर मुलगा, आणि मुलीलाही न्या. तिची झोप उडाली, शाळा नको म्हणायला लागली किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर थांबू नका, लगेच दाखवा. (आणि कधी हात उचलला गेलाच तर वरचं सगळं बाजूला, आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी.)

प्रश्न : मी १५ वर्षांचा आहे. आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे निरोप माझ्यामार्फत. मग मी लहान बहिणीवर उगाच ओरडतो आणि नंतर वाईट वाटतं. मी पण त्यांच्यासारखाच होणार का?

उत्तर : नाही रे. ज्याला नंतर वाईट वाटतं तो तसाच होईल असं कोण म्हणतं? दिवसभर दोघांचा राग इकडून तिकडे पोचवायचा म्हटलं की थोडा तुझ्याही अंगावर सांडणारच, आणि तो बहिणीवर निघतो कारण ती उलट काही करू शकत नाही. पुढच्या निरोपाला शांतपणे म्हण, 'हे तूच सांग ना त्यांना, मला मध्ये नको.' पहिल्यांदा चिडतील. फारच जड जात असेल तर विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांग, आत्या, मामा, शाळेतले सर, कोणीही, चुगली होत नाही ती. आणि बहिणीला सॉरी म्हण, का ओरडलास तेही सांग. तिला बहुतेक आधीच माहीत असेल.